दाते मोजून खोकं घ्यावं

बैलबाजारात व्यवहार ठरण्याआधी घेणारा माणूस बैलाचं तोंड उघडून बघतो. दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला (सगळे दात आलेला), याची स्वतः खात्री करतो. शिंगांच्या रंगावर आणि पाठीवरच्या झुलीवर कुणी पैसे मोजत नाही. खेळण्यांच्या दुकानात तुकडे जोडून यंत्र बनवायचा संच घेताना मात्र आपण झूल बघूनच खोकं उचलतो. "साहेब, हजाराच्या वर पीस आहेत," असं दुकानदार म्हणाला की आपण मान डोलावतो.

मीही डोलावली होती. भाच्यासाठी एक मोठी स्पोर्ट्स कार आणली. आम्ही दोघांनी चार रात्री खपून ती जोडली. तिसऱ्या रात्री गिअरबॉक्स तयार झाला तेव्हा पोरगं अक्षरशः नाचलं. चौथ्या रात्री त्यावर सीट बसली, दारं लागली, छत चढलं आणि तो गिअरबॉक्स कायमचा झाकला गेला. दांडा पुढेमागे व्हायचा, पण आत काय बदललं ते ना दिसायचं ना जाणवायचं. आठवड्याभरात गाडी कपाटावर गेली. त्याच्याकडची दोनेकशे तुकड्यांची जुनी क्रेन मात्र दोन पिना हरवूनही घरभर माळ्यावरून वस्तू उतरवत होती.

तेव्हापासून मी असे संच घेताना एक पद्धत पाळतो. लेगो टेक्निक (लेगोचे गिअर आणि दांड्यांचे प्लॅस्टिकचे संच), नट-बोल्टचं मेकॅनो किंवा आपल्याकडचं मेकॅनिक्स, फिशरटेक्निक, सगळ्यांना ती लागू पडते. उदाहरणं जास्त करून लेगो टेक्निकची देतोय, कारण त्यांचे सुटे भाग आणि माहितीपुस्तिका बघायला सहज मिळतात.

पहिली पायरी: पैसे देण्याआधी माहितीपुस्तिका वाचा

लेगोच्या संकेतस्थळावर संचाचा क्रमांक टाकला की जोडणीची पुस्तिका पीडीएफमध्ये फुकट उतरवता येते. जुन्या संचांच्याही बऱ्याच पुस्तिका मिळतात. रीब्रिकेबल आणि ब्रिकलिंक या साइटवर प्रत्येक संचातल्या भागांची संपूर्ण यादी असते. एवढी सोय असताना खोक्यावरच्या फोटोवर विसंबायचं कारण नाही.

पुस्तिका उघडलीत की शेवटून वाचायला सुरुवात करा. शेवटच्या पानांवर झूल असते: पत्रे (म्हणजे अंगावरचे प्लॅस्टिकचे तुकडे), दिवे, स्टिकर, बंपर. उलटं येत येत जिथे पहिल्यांदा गिअर दिसायला लागतात ते पान नोंदवून ठेवा. चारशे पानांच्या पुस्तिकेत गिअर पन्नासाव्या पानावर संपत असतील, तर उरलेली साडेतीनशे पानं तुम्ही शोभेची वस्तू जोडणार आहात. त्यात वाईट काही नाही. शोकेससाठी घ्यायची तर खुशाल घ्या. पण मग 'मुलाला यंत्रं कळावीत म्हणून' असं स्वतःला सांगू नका.

आता यादी. त्यात पिना वेगळ्या काढा. टेक्निकच्या कुठल्याही मोठ्या संचात काळ्या आणि निळ्या पिना शेकड्यांनी असतात. दोन बीम (भोकाभोकांच्या पट्ट्या) जोडायला लागणारा तो बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडासुद्धा 'पीस' म्हणूनच मोजला जातो. त्यामुळे किमतीला भागांच्या संख्येनं भागून 'एका पीसला अमुक रुपये' असा हिशोब मांडणाऱ्यांचं मला नवल वाटतं. किराणा दुकानात मोहरीचे दाणे मोजून भाव ठरवण्यासारखं आहे ते. पिना वगळा, पत्रे वगळा, आणि हे मोजा: गिअर किती, किती प्रकारचे, डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जुळणी) आहे का, वर्म गिअर (स्क्रूसारखा दिसणारा) आहे का, रॅक (सरळ दातेरी पट्टी) किती, स्प्रिंगवाले शॉकअब्सॉर्बर किती, मोटर किंवा हवेचे सिलिंडर आहेत का. किंमत या यादीशी ताडून बघा.

एक जोडी समोर ठेवतो. १९९४ साली आलेली ८८८० क्रमांकाची सुपर कार तेराशेच्या थोडी वर भागांची होती. चारही चाकांना जोर, चारही चाकं वळणारी, चार गतींचा गिअरबॉक्स, प्रत्येक चाकाला वेगळं सस्पेन्शन, आणि अंगावर पत्रा जवळजवळ नाहीच. वरून बघितलं की सगळं पोट दिसायचं. २०१८ ची बुगाटी शिरॉन, क्रमांक ४२०८३, ३,५९९ भागांची आहे. आठ गतींचा गिअरबॉक्स आहे, तो स्टीअरिंगजवळच्या पट्ट्यांनी बदलतो, आणि हे काम खरोखर अवघड आहे. पण गाडी पूर्ण झाल्यावर त्यातलं फारच थोडं डोळ्यांना दिसतं. दोन्ही चांगले संच आहेत. भागांची संख्या अडीचपटीहून जास्त झाली म्हणून यंत्रज्ञान अडीचपट झालं का? माझ्या मते नाही. वाढला तो मुख्यतः देखणेपणा.

दुसरी पायरी: दात्यांचं गणित

हा भाग जरा सावकाश वाचा. सगळी मेख इथेच आहे.

टेक्निकच्या बीमवर दोन भोकांमधलं अंतर ८ मिलिमीटर असतं. गिअरचं माप असं ठेवलंय की जितके दाते तितके मिलिमीटर त्याचा कामाचा व्यास. म्हणजे ८ दात्यांचा गिअर ८ मिमी, २४ दात्यांचा २४ मिमी. दोन गिअर एकमेकांत बसायला त्यांच्या केंद्रांमधलं अंतर दोन्ही त्रिज्यांच्या बेरजेइतकं हवं. ८ आणि २४ घेतले तर ४ अधिक १२, म्हणजे १६ मिमी, बरोबर दोन भोकं. १६ आणि १६ घेतले तरी १६ मिमी. १२ आणि २० घेतले तरी तेच. ८ आणि ४० घेतले तर २४ मिमी, तीन भोकं. हे कळलं की पुस्तिका न बघता स्वतःचं यंत्र रचता येतं, कारण कुठली जोडी कुठे बसेल ते तोंडी सांगता येतं. आमच्या भाच्याला लसावि-मसाविपेक्षा हे लवकर पाठ झालं.

आता वेग. ज्यानं फिरवायचं त्या गिअरचे दाते भाजकात, जो फिरतो त्याचे भाज्यात. ८ नं २४ फिरवला तर २४ भागिले ८, म्हणजे ३. हँडलचे तीन फेरे, चाकाचा एक. वेग तिसरा हिस्सा झाला आणि जोर तिप्पट झाला, घर्षणात जातो तेवढा सोडून. एकामागोमाग टप्पे असतील तर गुणाकार करायचा.

समजा ८ वरून २४ हा कायमचा टप्पा आहे आणि त्यापुढे तीन जोड्यांचा गिअरबॉक्स आहे:

पहिला गिअर, १२ नं २० फिरतो: ३ गुणिले २० भागिले १२, म्हणजे ५.
दुसरा गिअर, १६ नं १६: ३ गुणिले १, म्हणजे ३.
तिसरा गिअर, २० नं १२: ३ गुणिले १२ भागिले २०, म्हणजे १.८.

५, ३, १.८. उतरती भाजणी नीट आहे. तिन्ही जोड्यांच्या दात्यांची बेरीज ३२ च आहे हे लक्षात आलं का? म्हणून तर तिन्ही जोड्या त्याच दोन समांतर दांड्यांवर बसतात. गिअरबॉक्स रचणाऱ्याची हुशारी याच बेरजेत असते.

ही भाजणी प्रत्यक्षात तपासायला एक साधी युक्ती आहे. चाकाच्या कडेला कागदाचा छोटा तुकडा चिकटवा. पहिल्या गिअरमध्ये हँडल सावकाश दहा वेळा फिरवा आणि चाकाचे फेरे मोजा. वरच्या उदाहरणात पहिल्यात २ फेरे यायला हवेत, दुसऱ्यात सव्वातीनच्या जरा वर, तिसऱ्यात साडेपाचच्या आसपास. हँडल नसेल तर उलटं करा: चाक फिरवा आणि पिस्टनच्या उड्या मोजा.

हा खटाटोप कशाला, असं वाटेल. २०१६ साली पोर्शे ९११ जीटी३ आरएस, क्रमांक ४२०५६, बाजारात आली. २,७०४ भाग, मोठं नाव, मोठी किंमत. लोकांनी जोडली, दाते मोजले, आणि दिसलं की पुस्तिकेप्रमाणे जोडल्यावर गिअर १-३-२-४ अशा क्रमानं चढतात. दुसऱ्याच्या जागी तिसरा, तिसऱ्याच्या जागी दुसरा. मग चाहत्यांनीच गिअरची अदलाबदल करून क्रम दुरुस्त केला. एवढ्या मोठ्या कंपनीच्या संचातही हे होऊ शकतं, आणि ज्यांनी मोजलं नाही त्यांना आजही पत्ता नसेल.

तिसरी पायरी: प्रत्येक हालचालीला तिची परीक्षा

खोक्यावर 'सात फंक्शन्स' असं काहीतरी छापलेलं असतं. बॉनेट उघडणं, दार उघडणं, पंख वर होणं यांचीही त्यात भरती असते. बिजागरीला मी फंक्शन म्हणत नाही. खरी फंक्शन्स ती, ज्यात जोर एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो आणि जाताना त्याचा वेग, दिशा किंवा प्रकार बदलतो.

स्टीअरिंग: रॅक-पिनियन (दातेरी पट्टी आणि तिला सरकवणारा छोटा गिअर) बहुधा असतंच. बघायचं ते हे की आतलं स्टीअरिंग चाक खरंच पुढच्या चाकांना जोडलेलं आहे की छतावरच्या एखाद्या गोल बटणानंच गाडी वळते. उत्तम संचात दोन्ही असतं. मग चाक सरळ ठेवून हलकेच डावीउजवीकडे हलवा. स्टीअरिंग न फिरता चाक किती हलतं? त्याला गॅरेजवाले 'प्ले' म्हणतात. थोडा प्ले सगळ्याच प्लॅस्टिकच्या यंत्रात असतो. पण चाक लोंबकळल्यासारखं हलत असेल तर जोरसाखळीत सांधे फार झालेत.

सस्पेन्शन: गाडी जमिनीवर ठेवा, दाबा, सोडा. पूर्ण वर येते का? मोठ्या वजनदार गाड्यांत स्प्रिंग आपल्याच वजनानं अर्ध्या दबलेल्या असतात. अशी गाडी खड्ड्यातून नेली तर टेकते. एका चाकाखाली खोडरबर ठेवून बघा. बाकीची तीन जमिनीला लागून राहिली पाहिजेत.

डिफरन्शियल: मला वाटतं, एखाद्या संचात एकच गोष्ट मागायची असेल तर ही मागावी. गाडी उचलून धरा, इंजिनाकडून येणारा दांडा बोटांनी घट्ट धरा आणि एक चाक पुढे फिरवा. दुसरं चाक आपोआप मागे फिरलं पाहिजे. मग दांडा सोडून एक चाक धरा आणि दांडा फिरवा. मोकळ्या चाकाला दुप्पट वेग येतो. वळणावर ट्रॅक्टरची मागची दोन चाकं वेगवेगळ्या वेगानं कशी काय फिरतात, याचं उत्तर हातात मिळतं. चिखलात एकच चाक गरगर फिरत राहून ट्रॅक्टर जागचा का हलत नाही, तेही.

पिस्टनचं इंजिन: गाडी ढकलली की पिस्टन वरखाली होतात. १९७७ साली टेक्निकची सुरुवात झाली तेव्हाच्या ८५३ क्रमांकाच्या उघड्या चासीतही (गाडीच्या सांगाड्यातही) ते होते. पहिल्या दिवशी फार गोड वाटतं. पण हे इंजिन गाडीला ओढत नाही, गाडी इंजिनाला ओढते. मी याला अर्धा गुण देतो. गिअर बदलल्यावर पिस्टनचा वेग बदललेला नजरेला दिसत असेल तर पूर्ण.

क्रेनचा दोर: इथे जरा रेंगाळतो, कारण निराशा बहुतेक इथेच पदरी पडते. वर्म गिअर म्हणजे एका दात्याचा गिअर. तो २४ दात्यांच्या गिअरला फिरवत असेल तर २४ फेऱ्यांत त्याचा एक फेरा. याचा मोठा फायदा असा की ओझं उलट दिशेनं वर्मला फिरवू शकत नाही. हँडल सोडलं तरी बादली तिथेच लटकलेली राहते. पण हिशोब करा. दोर ज्या रिळावर गुंडाळतो त्याचा व्यास ८ मिमी धरला तर रिळाच्या एका फेऱ्यात साधारण २५ मिमी दोर गुंडाळला जातो. २४ नं भागा. हँडलच्या एका फेऱ्यात क्रेनचा हूक वर चढतो जेमतेम १ मिलिमीटर. टेबलाच्या उंचीपासून फूटभर वर न्यायचा तर तीनशे फेरे! खोक्यावर क्रेन रुबाबात उभी असते, घरी सात वर्षांचं मूल चाळिसाव्या फेऱ्याला हँडल सोडून देतं. लहान मुलासाठी वर्मऐवजी दातेरी चाक आणि अडकण असलेली क्रेन बघा, ती भरभर चढते. वर्मच असेल तर रीळ जाड करा. त्यावर एखादी पोकळ नळकांडी किंवा चाक चढवलं तरी फरक पडतो.

हवेचे सिलिंडर: लेगोनं १९८४ साली ते आणले. पंप, झडप, नळ्या आणि सिलिंडर. विज्ञान प्रदर्शनात आपली शाळकरी मुलं सिरिंज आणि सलाईनच्या नळीचं जेसीबी करतात, तत्त्व त्याच घराण्यातलं. फरक एवढाच की सिरिंजमध्ये पाणी भरलं तर ते दबत नाही, म्हणून हात अचूक हलतो. हवा दबते, म्हणून लेगोचा हात आधी थांबतो आणि मग एकदम उडी मारतो. मूल 'असं का?' विचारणार. त्या प्रश्नासाठीच हा संच घ्यायचा.

मोटर आणि फोन: २०१९ पासूनच्या काही मोठ्या संचांत रिमोट नसतो, चालवायला फोनवरचं अॅपच लागतं. ४२०९९ ही ऑफ-रोडर आणि ४१०८ भागांचं ४२१०० हे लीबहेर उत्खनन यंत्र ही त्यातली ठळक उदाहरणं. उत्खनन यंत्रात सात मोटरी आहेत आणि त्या एकत्र चालताना बघणं म्हणजे खरोखर मेजवानी आहे. पण प्लॅस्टिक तीस वर्षं टिकतं, फोनचं अॅप तितकं टिकेल यावर मी पैज लावणार नाही. १९९४ ची गाडी आजही हातानं चालते. शिवाय टेक्निकच्या या हबला (मोटरी जोडायच्या बॅटरीच्या डब्याला) सहा पेन्सिल सेल लागतात. चार्ज होणारे सेल घातले तर प्रत्येकी १.५ ऐवजी १.२ व्होल्ट, म्हणजे ९ च्या जागी ७.२. यंत्र चालतं, जरा आळसटून चालतं.

चौथी पायरी: जोडताना यंत्र मरू देऊ नका

चांगला संच घेऊनही 'हे जड फिरतंय' अशी तक्रार येते. दहांतल्या आठ वेळा चूक जोडणीत असते.

दांडा सरकू नये म्हणून त्यावर चढवलेली गोल बुश बीमला घट्ट दाबून बसवली की ब्रेक लागल्यासारखं होतं. बुश आणि बीममध्ये कागद सरकेल एवढी फट ठेवा. प्रत्येक टप्प्यानंतर दांडा बोटानं फिरवून बघा. पंचविसाव्या पानावर अडकलेला गिअर पंचविसाव्या पानावरच सापडला तर दोन मिनिटांचं काम आहे, दोनशेव्या पानावर कळला तर रविवार गेला.

पिनांचा रंग पाळा. काळी पिन आणि निळी अॅक्सलपिन (एक टोक पिनेचं, दुसरं दांड्याचं) घट्ट बसतात, सांधा पक्का धरायला. फिकट करडी पिन आणि बदामी अॅक्सलपिन सैल फिरतात, हलणाऱ्या सांध्यासाठी. सस्पेन्शनच्या हातात चुकून काळी पिन गेली की स्प्रिंग बिचारी झुंजत बसते.

लांब दांडे पिळतात. प्लॅस्टिकचा बारा-पंधरा भोकांइतका लांब दांडा एका टोकाला फिरवला तर दुसरं टोक अंमळ उशिरा हलतं आणि मग झटक्यानं सुटतं. म्हणून स्वतः काही रचत असाल तर वेग कमी करणारा टप्पा चाकाजवळ ठेवा, मोटरजवळ नको. मधला लांब दांडा मग भरभर पण कमी जोरानं फिरतो आणि पिळत नाही. खऱ्या यंत्रातही हेच करतात.

आणि एक पांढऱ्या रंगाचा २४ दात्यांचा गिअर असतो, मध्ये क्लच असलेला. त्यावर २.५ ते ५ न्यूटन-सेंटीमीटर असं कोरलेलं असतं. जोर त्यापुढे गेला की तो टक-टक करत घसरतो आणि बाकीचे दाते वाचतात. घसरतोय म्हणून साधा गिअर टाकण्याचा मोह मला झाला होता. मग एका दांड्याचा पीळ कायमचा राहिला.

तेलाचं काय? प्लॅस्टिकला नको, धूळ धरून चिखल होतो. नट-बोल्टच्या पत्र्याच्या संचाला मात्र पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या हवेत गंज धरतो. शिवणयंत्राचं तेल थेंबभर फडक्यावर घेऊन पट्ट्या पुसून ठेवल्या की वर्ष निघतं. सेल तर कुठल्याही संचात ठेवून देऊ नका, गळले की हब गेलाच म्हणा.

पाचवी पायरी: मोडून दुसरं काय होतं?

फ्रँक हॉर्नबी या लिव्हरपूलच्या गृहस्थानं १९०१ साली भोकाभोकांच्या धातूच्या पट्ट्यांचं पेटंट घेतलं. दोन भोकांत अर्धा इंच अंतर. १९०७ पासून त्याला मेकॅनो नाव मिळालं. त्याच्या विक्रीची रीत मला फार आवडते: क्रमांक १ चा संच घेतला असेल तर '१ए' नावाची छोटी पेटी घ्यायची, की तुमचा संच क्रमांक २ चा होतो. आधीचं काही वाया जात नाही. अशा पट्ट्यांतून १९३४ साली मँचेस्टरमध्ये डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी अवकल समीकरणं सोडवणारं यंत्र उभं केलं, सुमारे २० पौंडांत. खेळण्याची किंमत वसूल होणं म्हणतात ते हे.

आपल्याकडे मुंबईच्या झेफिरच्या मेकॅनिक्सच्या पेट्यांनी हेच काम केलं. पत्र्याच्या पट्ट्या, पितळी दिसणारे नट, छोटा पाना. बोटं दुखायची, नट पलंगाखाली जायचे, पण नट किती आवळायचा हे बोटांना कळायचं. प्लॅस्टिकची पिन ते शिकवत नाही. उलट गिअर आणि डिफरन्शियल टेक्निकमध्ये जितके अचूक, तितके स्वस्त धातूच्या संचात मिळत नाहीत. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी मी आधी नट-बोल्ट घेईन, मग दोन वर्षांनी गिअर. तिसरा पर्याय फिशरटेक्निक. भिंतीत स्क्रू घट्ट बसावा म्हणून आपण प्लॅस्टिकचा प्लग ठोकतो ना, तो काढणाऱ्या आर्टुर फिशर यांनीच साठच्या दशकात हे आणलं. दिसायला रुक्ष, झूल अजिबात नाही, अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत शोभेल असं.

घेताना एक प्रश्न विचारा: या भागांतून दुसरं यंत्र होतं का? पूर्वी टेक्निकच्या बऱ्याच खोक्यांत दुसऱ्या प्रतिकृतीचीही जोडणी असायची. खऱ्या गाड्यांच्या नावानं निघणाऱ्या बड्या संचांत ती सहसा नसते, आणि वाकड्या पत्र्यांतून दुसरं काही बनवणंही अवघड. रीब्रिकेबलवर संचाचा क्रमांक टाकून 'पर्यायी' प्रतिकृती किती आहेत ते बघा. मध्यम आकाराच्या, सरळ बीमच्या ट्रक-क्रेन-लोडरच्या संचांना हे पर्याय भरपूर असतात. माझ्या लेखी तीच पैशाची वस्तू.

पैशाचं बोलू

परदेशातली किंमत बघून रुपयांत गुणाकार केला की आपल्याकडचा भाव डोळे पांढरे करतो. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचं आहे, तेव्हा खोक्यावर आयएसआय खूण शोधा. अमेरिका-दुबईहून येणाऱ्या नातेवाइकांना मोठ्या खोक्याऐवजी आतल्या पिशव्या आणायला सांगणं ही आता घरोघरची रीत झाली आहे. पुस्तिका पीडीएफमध्ये असतेच.

लेगोसारखेच पण दुसऱ्या कंपन्यांचे संच निम्म्याहून कमी भावात मिळतात. ते मुळातच बेकायदेशीर असतात असं नाही. विटेचं मूळ पेटंट १९५८ चं, ते केव्हाच संपलं, आणि युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये विटेच्या आकारावर ट्रेडमार्क नाकारला. एखाद्याच्या गाडीची रचनाच उचलणं ही वेगळी गोष्ट, ते मी घेत नाही. साध्या विटा स्वस्तातल्या चालून जातात. यंत्रात मात्र शंभर सांध्यांत प्रत्येकी केसभर चूक म्हणजे शेवटी न फिरणारं चाक. स्वस्तातलं घ्यायचंच तर छोटा संच घेऊन पिन दहा वेळा घाला-काढा. दहाव्यांदा ती सैल झाली तर मोठा घेऊ नका.

जुना संच घेताना: बीमच्या भोकांच्या कडेला पांढरी रेघ म्हणजे तडा, उजेडात धरून बघा. दांडे टेबलावर लोळवा, वाकडे लगेच कळतात. रबरबँड आणि हवेच्या नळ्या कडक झाल्याच असतील असं धरून चाला, त्या बदलता येतात. विक्रेत्याला चालू यंत्राचा व्हिडिओ मागा. आणि यादीतले डिफरन्शियल, वर्म, क्लच गिअर एवढेच मोजून घ्या. पिना हरवलेल्या असणारच, त्या सुट्या मिळतात.

एवढे पैसेच नसतील तर? टेल्कोत (आताच्या टाटा मोटर्समध्ये) अभियंता म्हणून काम केलेल्या अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून जे मेकॅनो केलं, ते पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत हजारो मुलांनी हाताळलं आहे. नळीचे सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचे तुकडे करा, दोन्ही बाजूंनी गूल खरवडलेली काडी खुपसा, तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि चार काड्यांचा चौकोन. दोन्ही बोटानं दाबा. चौकोन आडवा पडतो, त्रिकोण हलत नाही. टॉवरला, क्रेनच्या हाताला, रेल्वेच्या पुलाला तिरक्या पट्ट्या का असतात ते दहा रुपयांत कळलं.

भाच्याच्या त्या कपाटावरच्या गाडीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. गेल्या मे महिन्यात त्यानं ती खाली उतरवली, छत काढलं, दारं काढली, सीट काढल्या आणि पत्रे एका पिशवीत भरून मला दिले. "मामा, हे तू ठेव." उघडी चासी आता त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर असते, दांड्याला शिसपेन्सिलचं हँडल लावलेलं. पहिल्या गिअरला किती फेरे लागतात ते त्यानं चासीवरच मार्करनं लिहून ठेवलंय.